'द फिशर किंग' (१९९१): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेरी गिलियमचा हा सिनेमा बघून झाला की बहुतेकांना तेच ते प्रश्न पडतात. लाल घोडेस्वार खरा का, प्याला खरा का, आणि नायकाच्या मैत्रिणीनं, ॲननं, त्याला परत घरात घेतलंच कसं? उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. पहिल्या पाच उत्तरांत कथा फोडलेली नाही. सहाव्यापासून पुढे मात्र शेवटासकट सगळं उघड आहे, तेव्हा सिनेमा बघायचा राहिला असेल तर पाचव्याशी थांबा.

१. सिनेमा नेमका कशाबद्दल आहे? शेवट न सांगता सांगा.

जॅक लुकस हा न्यू यॉर्कमधला रेडिओवरचा गाजलेला निवेदक. फोन करणाऱ्यांचा पाणउतारा करायचा, हाच त्याचा कार्यक्रम आणि हीच त्याची लोकप्रियता. जिभेला हाड नाही. असंच एकदा तो एका श्रोत्याला काहीतरी बोलून जातो, त्यातून भयंकर अनर्थ होतो आणि जॅक होत्याचा नव्हता होतो. तीन वर्षांनंतर तो दारूत बुडालेला आहे, मैत्रिणीच्या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात कशीबशी नोकरी करतो आहे. अशातच त्याची गाठ पडते पॅरीशी. पॅरी बेघर आहे, स्वतःला शूर सरदार समजतो, आणि मॅनहॅटनमधल्या एका अब्जाधीशाच्या घरात येशूचा पवित्र प्याला ठेवलेला आहे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. तो आणायचं काम जॅकचं, असंही त्यानं परस्पर ठरवून टाकलं आहे.

२. हा विनोदी सिनेमा आहे की गंभीर? कुठल्या मूडमध्ये लावायचा?

विनोदी म्हणून लावलात तर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच फसवल्यासारखं वाटेल. गंभीर म्हणून लावलात तर चायनीज हॉटेलातल्या जेवणाच्या प्रसंगी हसून हसून मुरकुंडी वळेल. या सिनेमात हसू आणि भीती एकाआड एक येत नाहीत, एकाच प्रसंगात शेजारी शेजारी बसतात. पॅरी भर रस्त्यात आचरटपणा करत असतो, आपण हसत असतो, आणि त्याच चौकटीत मागे धुराचा लोट दिसायला लागतो. लांबी १३७ मिनिटं आहे. रात्री उशिरा, अर्धवट झोपेत लावण्याचा हा सिनेमा नाही.

३. कोणी केलाय, कोण कोण आहेत त्यात?

दिग्दर्शक टेरी गिलियम, पटकथा रिचर्ड लाग्रॅव्हनीजची. जॅक आहे जेफ ब्रिजेस, पॅरी आहे रॉबिन विल्यम्स. जॅकची मैत्रीण ॲन म्हणजे मर्सिडीज रूल. पॅरी जिच्यावर लांबूनच जीव टाकतो ती लिडिया म्हणजे अमांडा प्लमर. एका बेघर गायकाच्या छोट्या भूमिकेत मायकल जेटर आहे. साडी नेसवावी तसा त्याला बाईचा पोशाख चढवून एका ऑफिसात गाणं म्हणायला धाडतात, तो प्रसंग बघाच. छायाचित्रण रॉजर प्रॅटचं, संगीत जॉर्ज फेंटनचं.

लोक रॉबिन विल्यम्ससाठी सिनेमा लावतात आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या मते सिनेमा तोलून धरला आहे तो जेफ ब्रिजेसनं. पॅरीला वेडेपणाची मुभा आहे. जॅकला नाही. दोन तास स्वार्थी, कुढा, चिडका माणूस दाखवायचा आणि तरी प्रेक्षकाला त्याच्यापासून तोडायचं नाही, हे काम जास्त अवघड होतं. त्याला त्याबद्दल ऑस्करचं नामांकनही मिळालं नाही (पुरस्कारांचं प्रश्न १८ मध्ये).

४. मुलांबरोबर बघता येईल का?

लहान मुलांबरोबर नको. अमेरिकेत याला 'आर' प्रमाणपत्र आहे (म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचा). शिवीगाळ आहे, नग्नता आहे (चेष्टेतली, पण आहे), बंदुकीनं झालेला हल्ला आहे, आत्महत्येचे विचार आहेत. 'फँटसी' हा शब्द वाचून परीकथेची अपेक्षा ठेवू नका. ज्यांना स्वतःला असा एखादा अचानक मृत्यू बघावा लागला आहे, त्यांनीही जरा जपून. एक प्रसंग अगदी थोडा वेळ दिसतो, पण विसरता येत नाही.

५. फिशर किंगची मूळ दंतकथा माहीत नसेल तर सिनेमा कळेल का?

कळेल. पॅरी ती गोष्ट स्वतःच जॅकला सांगतो, रात्री सेंट्रल पार्कच्या गवतावर उताणा पडून. तरी पार्श्वभूमी अशी: पवित्र प्याल्याचा राखणदार असलेला एक राजा आहे. त्याला अशी जखम झाली आहे जी भरतही नाही आणि मरूही देत नाही. त्याला घोड्यावर बसवत नाही, शिकार जमत नाही, म्हणून तो नावेत बसून मासे धरतो. राजा असा पडला म्हणून त्याचं राज्यही ओसाड झालं आहे. फ्रेंच कवी क्रेतियां द त्र्वा यानं बाराव्या शतकाच्या अखेरीस ही कथा लिहायला घेतली आणि ती अपुरीच राहिली. पुढे जर्मन कवी वोल्फ्राम फॉन एशेनबाखनं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला 'पार्झिव्हाल'मध्ये ती पूर्ण केली.

त्या जुन्या कथांमध्ये एक भोळा तरुण राजाच्या वाड्यात येतो. राजाचे हाल त्याला दिसतात, पण 'असं का?' हे विचारायला तो धजत नाही, कारण फार प्रश्न विचारू नयेत असं त्याला शिकवलेलं असतं. विचारलं असतं तर राजा बरा झाला असता. पॅरी सांगतो ती गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात प्याल्याच्या मोहानं राजाचा हात पोळतो, आयुष्यभर जखम चिघळत जाते. शेवटी एक विदूषक येतो. त्याला राजा दिसतच नाही, तहानलेला एकटा माणूस दिसतो. तो शेजारचा पेला उचलून पाणी देतो. तोच प्याला असतो. इतके शूर सरदार शोधून थकले आणि तुला कसा सापडला, असं राजा विचारतो. विदूषकाला त्यातलं काही माहीतच नसतं. याला तहान लागली आहे, एवढंच त्याला कळलेलं असतं.

ही दोन मिनिटांची गोष्ट लक्षात ठेवा. पुढची अर्धी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत.

६. (इथून पुढे कथा उघड.) जॅक फक्त बोलला. गोळ्या दुसऱ्यानं झाडल्या. मग दोष त्याचा कसा?

कायद्यानं नाहीच, आणि सिनेमाही त्याला कुठल्या कोर्टात उभं करत नाही. एडविन नावाचा एकटा, हळवा श्रोता फोन करतो. एका उच्चभ्रू बारमध्ये भेटलेल्या मुलीबद्दल सांगतो. जॅक त्याची टर उडवतो आणि ओघात म्हणून जातो की ती माणसं आपल्यातली नाहीत, त्यांना थांबवायला हवं, एक तर ते राहतील नाही तर आपण. एडविन हे आदेशासारखं ऐकून घेतो आणि बंदूक घेऊन त्या बारमध्ये जातो.

बातमी येते तेव्हा जॅक काय करत असतो, ते नीट बघा. त्याला एका टीव्ही मालिकेत काम मिळणार असतं. त्यातलं टाळ्याखाऊ वाक्य माफी मागण्याचंच असतं, आणि ते वेगवेगळ्या ढंगात म्हणून बघण्याची त्याची तालीम चाललेली असते. एकीकडे तो माफीचा विनोद घोटतो आहे आणि दुसरीकडे टीव्हीच्या पडद्यावर त्याचाच फोटो झळकतो.

दोषापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तीन वर्षं जॅक दुःखात आहे हे खरं, पण तो रडतो कुणासाठी? मेलेल्यांसाठी कमी, स्वतःच्या बुडालेल्या कारकिर्दीसाठी जास्त. जी मालिका त्याला मिळायची होती ती आता दुसरा नट करतो, आणि ती बघत जॅक जळत बसतो.

७. पॅरी आधी कोण होता?

हेन्री सेगन. हंटर कॉलेजात शिकवणारा प्राध्यापक. त्याचा अभ्यासविषयच फिशर किंगची कथा होता, म्हणून तर ढासळलेल्या मनानं आसरा घेतला तो याच कथेत. एडविन बारमध्ये शिरला तेव्हा हेन्री आणि त्याची बायको तिथे बसलेले होते. ती त्याच्या डोळ्यांसमोर गेली. त्यानंतर बराच काळ तो इस्पितळात होता, बोलणं-हलणं बंद. भानावर आला तो पॅरी होऊनच. हे नाव त्या कथेतल्या भोळ्या तरुणाचं, पार्सिफालचं, छोटं रूप आहे.

जॅकला हे पॅरीकडून कळत नाही. पॅरी जिथे तळघरात बॉयलरशेजारी राहतो, त्या इमारतीच्या देखभाल करणाऱ्या माणसाकडून कळतं. पॅरीला स्वतःला आठवतच नसतं.

८. लाल घोडेस्वार काय आहे? तो खरा का?

तो फक्त पॅरीला दिसतो. आग ओकणारा, लाल चिंध्या-चिंध्यांचा, घोड्यावरचा राक्षसच. भुताटकी नाही. हेन्रीनं पाहिलेला शेवटचा क्षण आणि त्यातलं रक्त, हेच त्या रूपात त्याच्या मागे लागलेलं आहे. आठवण जवळ यायला लागली की घोडेस्वार येतो. त्यामुळेच जॅक पॅरीच्या पूर्वायुष्याबद्दल, बायकोबद्दल काही विचारायला गेला की पॅरी ओरडायला लागतो.

मध्ययुगीन कथेतही लाल चिलखतातला सरदार आहे. भोळा तरुण सुरुवातीलाच त्याला मारतो आणि त्याचं चिलखत अंगावर चढवतो. पॅरीला ते जमलेलं नाही. त्याचा लाल सरदार जिवंत आहे.

याला जोडून एक प्रश्न नेहमी येतो: लिडियाबरोबरची संध्याकाळ इतकी छान गेली, मग घोडेस्वार नेमका तेव्हाच का आला? छान गेली म्हणूनच. पुन्हा कुणावर जीव जडला, तिच्या दारात निरोप घेतला, आणि मागच्या वेळी असाच जीव जडवून काय झालं होतं ते पुरासारखं वर आलं. पॅरी धावत सुटतो तो त्याच नदीकाठच्या जागेपर्यंत, जिथे त्यानं एकदा दोन टवाळखोर पोरांच्या तावडीतून जॅकला वाचवलं होतं. या वेळी तीच पोरं पॅरीला गाठतात आणि वाचवायला कुणी नसतं. विल्यम्सनं त्या पळण्यात जी किंकाळी फोडली आहे, त्यात विनोदी नटाचा लवलेश नाही.

९. ग्रँड सेंट्रल स्टेशनवरचं नृत्य मूळ पटकथेत होतं का?

नव्हतं. ही गिलियमची भर. लिडिया ऑफिस सुटल्यावर स्टेशनातून चाललेली असते, पॅरी नेहमीसारखा तिच्या मागावर, आणि बघता बघता गर्दीतला प्रत्येक जण जोडीदार धरून वॉल्ट्झ नाचायला लागतो. घड्याळावरचा गोल आरशांनी मढवलेल्या चेंडूसारखा लखलखतो. लिडिया गर्दीतून निघून गेली की नाच मोडतो आणि पुन्हा धक्काबुक्की सुरू. चित्रीकरण रात्रीत उरकावं लागलं, कारण पहाटे खरे प्रवासी यायला लागतात.

सिनेमातली सगळ्यात प्रसिद्ध जागा हीच. पण ती सुंदर आहे म्हणून ठेवलेली नाही. तोपर्यंत पॅरीचे भास आपल्याला फक्त भयंकर दिसलेले असतात. इथे पहिल्यांदा कळतं की त्याच डोक्यातून असलंही काही निघतं, आणि त्याला बरं करायचं म्हणजे हेही पुसून टाकायचं का, असा पेच पडतो.

१०. पॅरी लिडियाचा रोज पाठलाग करतो. हे खटकत नाही का?

खटकतं. ती कधी निघते, बुधवारी काय खाते, दारात कशी अडखळते, सगळं त्याला पाठ असतं, आणि तिला याचा पत्ताच नसतो. आज हा सिनेमा कुणी लिहिला तर हा भाग असाच ठेवेल असं वाटत नाही. सिनेमाच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की लिडियाला तो बाहुली करत नाही. घरी सोडायला आल्यावर ती त्याला तोंडावर सांगते की आता तू वर येशील, सकाळी निघून जाशील, मग फोन करणार नाहीस, त्यापेक्षा आताच थांबू. पॅरी त्यावर पाठलागाची कबुली देऊन टाकतो. तिला ते भयानक वाटायला हवं होतं. तिला वाटत नाही, कारण आजवर तिच्याकडे इतकं लक्ष देऊन कुणी पाहिलेलंच नाही. पटो न पटो, अमांडा प्लमरच्या चेहऱ्यावर ते खरं वाटतं.

११. जॅकनं पॅरी आणि लिडियाची गाठ घालून दिली. तिथेच त्याचं पाप फिटलं ना? पुढचा तास कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि सिनेमा नेमका इथेच बाकीच्यांपेक्षा वेगळा होतो.

जॅक सुरुवातीपासून हिशेब चुकता करायला निघालेला आहे. पॅरी कोण ते कळल्यावर तो पहिली गोष्ट काय करतो? खिशातून नोटा काढून देतो. पॅरी त्या दुसऱ्याच कुणाला देऊन टाकतो आणि जॅक चिडतो, कारण देणं पोचलंच नाही. मग तो विचार करतो, याची बायको माझ्यामुळे गेली ना, मग दुसरी बाई मिळवून देऊ, फिटंफाट. ॲनला तो हे जवळजवळ याच भाषेत समजावतो. योजना पार पडते. आणि दुसऱ्याच दिवशी जॅक मोकळा! एजंटला फोन, जुनी नोकरी, ॲनला नारळ. घोडं गंगेत न्हालं.

म्हणजे त्यानं केलं ते चांगलं होतं, पण केलं स्वतःच्या सुटकेसाठी. पॅरी त्यात माणूस नव्हता, थकलेलं कर्ज होतं. पॅरी पुन्हा निश्चल होऊन इस्पितळात पडतो तेव्हा हा सगळा हिशेब कोसळतो, कारण आता देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण?

मग जॅक त्याच्या खाटेशी येऊन भांडतो. अक्षरशः भांडतो. मी हे करणार नाही, मी तुझं काही देणं लागत नाही, माझं आयुष्य मस्त चाललंय. आणि बोलता बोलता येऊन ठेपतो ते असं की केलंच तर तुझ्यासाठी म्हणून करीन, मला करावंसं वाटतं म्हणून. पॅरीला ऐकू येत नाही. कुणी शाबासकी देणार नाही. प्याला खोटा आहे हेही जॅकला ठाऊक आहे. फायद्याचं एकही कारण शिल्लक राहिलेलं नाही, तेव्हाच तो निघतो. पुढचा तास यासाठी. प्रश्न ५ मधला विदूषक आठवा.

१२. तो प्याला खरा होता का?

नाही. अब्जाधीश लँग्डन कार्मायकलला लहानपणी, १९३२च्या नाताळच्या कार्यक्रमाबद्दल मिळालेला तो बक्षिसाचा कप आहे. पॅरीनं त्याचा फोटो एका मासिकात पाहिला आणि ठरवून टाकलं.

पण प्याला खोटा म्हणून मोहीम खोटी ठरत नाही. जॅक भिंतीवरून दोर टाकून घरात शिरतो, तेव्हा म्हातारा कार्मायकल खुर्चीत निपचित असतो, शेजारी गोळ्यांची बाटली. जॅकला गुपचूप आला तसा जाता आलं असतं. तो मुद्दाम धोक्याची घंटा वाजेल अशा दारानं बाहेर पडतो आणि म्हातारा वाचतो. ज्याच्या शब्दांनी माणसं मेली त्याच्या हातून, प्रेक्षकाखेरीज कुणालाही न कळता, एक माणूस जगतो. त्यावर जॅक एक अक्षर बोलत नाही. पहिल्या प्रसंगातला जॅक यावर तासभर बोलला असता.

१३. पॅरी मग जागा कशामुळे झाला? चमत्कार की योगायोग?

सिनेमा सांगत नाही, आणि सांगू नये. जॅक कप त्याच्या छातीवर ठेवतो, तिथेच झोपी जातो. पॅरी बोटांनी तो चाचपतो आणि जागा होतो. फँटसी मानायची तर चमत्कार. नसेल मानायची तर, निश्चल अवस्थेतून माणसं बाहेर येतात, तसा तोही आला.

त्यानंतर तो जे म्हणतो ते माझ्या लेखी सिनेमातलं सर्वांत मोठं वाक्य. त्याला एक स्वप्न पडलं, त्यात त्याचं एका सुंदर बाईशी लग्न झालेलं होतं, तिची फार आठवण येते आहे, आणि आता तिची आठवण काढली तर चालेल का, असं तो विचारतो. परवानगी मागतो, तीही जॅककडे. लाल घोडेस्वार आता यायचं कारण उरत नाही, कारण ज्याला अडवायला तो यायचा ती आठवण दाराशी येऊन आत बसली आहे.

१४. फिशर किंग नक्की कोण? जॅक की पॅरी?

दोघंही, आळीपाळीनं. जखमी राजा जॅक आहे: मोहात हात पोळलेला, कशातच गोडी न उरलेला. त्याला पाणी देणारा विदूषक पॅरी. शेवटी पॅरी राजा होतो, खाटेवर पडलेला, आणि त्याचेच कपडे अंगावर चढवून जॅक विदूषक होतो. एकालाच राजा ठरवलं की निम्मा सिनेमा हातातून सुटतो. मैत्री म्हणायची ती याच अदलाबदलीला. एरवी दोघांत समान असं काहीच नाही.

१५. ॲन त्याला परत का घेते?

घेते, पण फुकट नाही. जॅक तिला सोडतो तो प्रसंग बघा. 'मला थोडा वेळ हवाय' वगैरे गुळमुळीत बोलत असतो आणि ती एकेक वाक्य पकडून त्याला उघडा पाडते. त्याच्या वाईट दिवसांत तिनं त्याला घर दिलं, काम दिलं, आणि एकदाही 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे त्याच्या तोंडून निघालं नाही. शेवटी तो दुकानात येऊन ते म्हणतो तेव्हा ती आधी थप्पड लगावते आणि मग मिठी मारते.

तिनं घ्यायला नको होतं असं म्हणणारे बरेच आहेत. मला त्यांचं म्हणणं समजतं. पण ॲन सोशिक देवी म्हणून लिहिलेली नाही. ती भांडते, टोमणे मारते, आपल्याला काय हवं ते तिला पक्कं ठाऊक आहे. चुकीच्या माणसावर जीव जडला आहे हेही तिला ठाऊक आहे. सिनेमात शहाणं माणूस ते एकच.

१६. बेघर आणि मानसिक आजारी माणसांना 'गोड वेडे' करून टाकलंय असं नाही वाटत?

ही टीका रास्त आहे. पॅरीची कहाणी दंतकथेच्या साच्यात बसवल्यामुळे त्याच्या आजाराला एक सोय मिळते, जी खऱ्या आजाऱ्याला मिळत नाही. प्रेमानं आणि एका कपानं कुणी बरं होत नाही, त्याला उपचार लागतात. वैद्यकीय माहिती म्हणून या सिनेमाकडे पाहू नका.

मात्र हा आरोप सिनेमानं स्वतःच ओळखून ठेवला आहे. जॅक पुन्हा बड्या लोकांत बसायला लागतो तेव्हा एक टीव्हीवाला त्याला मालिकेची कल्पना ऐकवतो: बेघर माणसं, पण मजेदार, शहाणी, आनंदी. जॅक ऐकता ऐकता उठून चालता होतो. आणि त्याआधीच इमारतीच्या दाराशी तो बेघर गायक त्याला हाक मारत असतो, ज्याला त्यानं ओळख दाखवलेली नसते. 'गोड वेडे' या कल्पनेवर याहून बोचरा ताशेरा दुसऱ्यानं काय ओढायचा?

ग्रँड सेंट्रलमध्ये चाकांच्या खुर्चीत बसलेला एक माजी सैनिकही भेटतो. लोक माझ्याकडे न बघण्यासाठीच पैसे टाकतात, असं तो जॅकला सांगतो. गायक टॉम वेट्सनं ही भूमिका केली आहे, श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. जॅकनं पॅरीला दिलेल्या नोटांशी हे ताडून बघा (प्रश्न ११).

१७. कार्मायकलचा किल्ला न्यू यॉर्कमध्ये खरंच आहे का?

दर्शनी भाग आहे. मॅडिसन अव्हेन्यूवर, ९४ आणि ९५ क्रमांकाच्या रस्त्यांच्या दरम्यान, जुन्या लष्करी शस्त्रागाराची बुरूजवाली भिंत उभी आहे. तिच्यामागे आता शाळा आहे. सिनेमात तो पत्ता फिफ्थ अव्हेन्यूचा सांगितला आहे. ग्रँड सेंट्रल आणि सेंट्रल पार्क तर जागच्या जागी आहेतच.

१८. पुरस्कार कोणते मिळाले?

ऑस्करची पाच नामांकनं: विल्यम्स (अभिनेता), रूल (सहाय्यक अभिनेत्री), पटकथा, कलादिग्दर्शन आणि संगीत. जिंकली ती मर्सिडीज रूल. गोल्डन ग्लोब तिलाही मिळाला आणि विल्यम्सलाही. १९९१च्या व्हेनिस महोत्सवात गिलियमला रौप्य सिंह, टोरांटोला प्रेक्षकांची पसंती.

१९. शेवटी दोघं कपडे काढून गवतावर का पडतात?

आधीच्या रात्रीचं देणं. प्रश्न ५ मधली गोष्ट सांगताना पॅरी नागडा होऊन ढग पांगवत पडलेला असतो आणि जॅक 'लोक बघतील' म्हणून ओशाळवाणा होऊन कपडे सावरत बसतो. शेवटी जॅकही तसाच पडतो आणि ढग हलवायचा प्रयत्न करतो. लोकांना हा शेवट, वरून मॅनहॅटनवर फुटणारे फटाके, जरा जास्तच गोड वाटतो. मलाही फटाके नको होते. नागडेपणा मात्र हवाच होता. पहिल्या प्रसंगातला जॅक स्टुडिओच्या अंधारात फक्त आवाज असतो, चेहरासुद्धा धड दिसत नाही.

२०. गिलियमचे बाकीचे सिनेमे आवडत नाहीत. हा आवडेल का?

शक्यता बरीच आहे. 'ब्राझील' (१९८५) किंवा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ बॅरन मुंचाउसेन' (१९८८) मध्ये पडद्यावर इतकं काही चाललेलं असतं की माणसं हरवतात. 'मुंचाउसेन' खर्चात फुगला आणि आपटला. त्यानंतर गिलियमनं पहिल्यांदाच दुसऱ्यानं लिहिलेली पटकथा हातात घेतली, तीही चार माणसांची, आजच्या शहरातली. तिरके कॅमेरे, उंचच उंच भिंती हे त्याचं सगळं आहे, पण इथे ते चार माणसांच्या मागे उभं राहतं. रॉबिन विल्यम्सबरोबर त्याचं आधीच जमलेलं होतं. 'मुंचाउसेन'मध्ये चंद्राचा राजा झालेला, मुंडकं धडापासून सुटून भरकटणारा तो प्राणी विल्यम्सच आहे, फक्त श्रेयनामावलीत टोपणनावानं.